दारामागचं घड्याळ

त्याला सगळे घुम्या म्हणत. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं, ते तिथंच राहिलं. चार शब्दांची गरज असेल तिथं तो दोन वापरायचा, आणि दोनांची असेल तिथं नुसती मान हलवायचा. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी हळूच विचारलं होतं, "मुलाला बोलता येतं ना?" त्यावर त्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, म्हणाली होती, "येतं हो, पण कंजूष आहे. शब्द पेटीत घालून ठेवतो."

आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे घुम्याला वाढवलं ते ताईनंच. तिसऱ्या मजल्यावर घर, आणि जिन्यातला दिवा कायमचा गेलेला. संध्याकाळी खेळून आल्यावर खालच्या पायरीशीच घुम्याचे पाय थिजायचे. रडायचा नाही, हाक मारायचा नाही, खांबासारखा उभा. मग ताई वरून उतरायची, त्याच्या पुढं चालायला लागायची आणि जिभेनं टाळूवर आवाज करायची. टक्. टक्. टक्. हात धरायची नाही. "हात धरला तर जन्मभर हातच शोधत बसशील," म्हणायची. घुम्या त्या आवाजामागं पायऱ्या चढायचा. अंधारात आवाज कुठून येतोय हे कळलं की पाय आपोआप टाकता येतो, हे तो शाळेत जायच्या आधी शिकला. शाळेत पुढं जे काही शिकवलं ते बहुतेक विसरला.

ताई नाटकात कामं करायला लागली आणि वयात आलेल्या भावाला एक दिवस दंडाला धरून थेटरात घेऊन गेली. "ह्याला काहीतरी काम द्या. न बोलायचं असेल असं." त्यांनी त्याला टेपच्या यंत्रापुढं बसवलं. दार वाजलं, मोटार आली, बाळ रडलं, असे आवाज वेळेवर सोडायचे. घुम्याचा एकही आवाज कधी लवकर सुटला नाही की उशिरा. टेप गेल्या, कॉम्प्युटर आले, केस पिकले, तरी तो त्याच खुर्चीवर राहिला.

कॉम्प्युटर आल्यावर मात्र त्याला एक वेड लागलं. समोरून येणारा आवाज त्याला पुरेना. प्रेक्षकाच्या पाठीमागून पाऊल वाजलं पाहिजे, डोक्यावरून विमान गेलं पाहिजे, वारा भिंतीला घासून गोल फिरला पाहिजे. ही जादू तो कशी करतो असं कुणी विचारलं तर तो कानाला हात लावून दाखवायचा. खरं तर गोष्ट साधी होती. आवाज दोन्ही कानांत एकदम पोचला तर माणसाला वाटतं तो समोरून आला. एका कानात केसभर उशिरा पोचला, की वाटतं दुसऱ्या बाजूनं आला. दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर टांगले, एकातून टकटक जराशी मोठी आणि केसभर आधी सोडली, दुसऱ्यातून जराशी बारीक आणि केसभर उशिरा, की दोन्हींच्या मध्ये, जिथं काहीच नाही तिथं, घड्याळ लटकायला लागतं. वर थोडा घुमारा मिसळला की तेच घड्याळ दोन खोल्या मागं जातं. घुम्याचं आणि त्याच्या संसाराचं पोट ह्या केसभर उशिरावर चालत होतं.

घरीसुद्धा त्यानं जेवायच्या टेबलाभोवती स्पीकर बसवले होते. नवीन काही जमलं की बायकोला ओढून आणायचा. "माझ्या खुर्चीवर बस. इथून ऐक."

बायको पदराला हात पुसत बसायची. "जेवताना मागून आगगाडी आली तर घास कसा उतरायचा हो घशाखाली?"

"कशी वाटली पण?"

"खुर्चीवर छान वाटते. स्वयंपाकघरात गाडी नाही, डबा घरंगळल्यासारखा आवाज येतो. तिथं येऊन ऐकलंयत कधी?"

घुम्या मान हलवायचा. ती हो होती की नाही, हे बायकोनं विचारणं सोडून दिलं होतं.

ताईची दृष्टी कडेनं विझत आली ती हळूहळू. आधी बाजूचं दिसेना, मग उरलं ते पुंगळीतून बघितल्यासारखं. लख्ख उजेडात ती त्या पुंगळीतून बघून सगळं निभावून न्यायची. अंधार झाला की मात्र पुंगळीही बंद. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं जपा. हे घुम्याला माहीत होतं, कारण दवाखान्यात तोच बरोबर गेला होता. आणि बाहेर पडताना ताईनं पायरीवरच त्याला बजावलं होतं, "हे नाटक माझं शेवटचं असेल ते मी ठरवीन तेव्हा. माझे डोळे ठरवणार नाहीत. कुणाला बोललास तर बघ."

कुणाला न बोलणं हा घुम्याचा हातखंडा. त्यानं मान हलवली.

ते नाटक एका म्हातारीचं होतं. घर विकायच्या आदल्या संध्याकाळी ती एकटी बसलेली असते, बाहेर वादळ उठतं, वीज जाते. शेवटच्या प्रवेशात ती खुर्चीवरून उठते, अंधारात अख्खी खोली ओलांडते आणि कित्येक वर्षं बंद ठेवलेलं मागचं दार उघडते. बाकी रंगमंचावर कुणी नाही. संवाद नाही. ताई तेवढं चालायची आणि लोक श्वास धरून बघायचे. इतर नटांसाठी जमिनीवर अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवतात, तशा इथंही होत्या, पण ताईला त्या दिसत नव्हत्या. म्हणून बहीणभावांनी आपसांत एक सोय केली होती. दाराच्या मागं घुम्यानं एक छोटी स्पीकरची पेटी ठेवली होती आणि त्यातून भिंतीवरच्या घड्याळाची टकटक वाजायची. लोकांना वाटायचं वातावरण आहे. ताई त्या टकटकीमागं चालायची.

लहान थेटरांत हे बिनबोभाट चाललं. मग नाटकाचं नाव झालं आणि मोठ्या सभागृहात दुपारचा खास प्रयोग ठरला. मोठमोठी माणसं येणार होती. नाटकाची दिग्दर्शिका, आखूड केसांची, तिशीतली, जिला सगळे मॅडम म्हणत, ती घुम्याला म्हणाली, "काका, तिथं चारी भिंतींना स्पीकर आहेत. मला प्रेक्षक वादळाच्या आत बसलेला हवाय. करा काय करायचं ते."

घुम्याला एवढंच ऐकायचं होतं. महिनाभर तो जेवायच्या टेबलावरून हलला नाही. वारा असा बांधला की तो पाठीमागून यायचा, डाव्या खांद्याला लागून पुढं जायचा आणि छतात विरायचा. आणि ह्या सगळ्या गोल, भरल्या आवाजात दारामागची ती पेटी त्याला डबड्यासारखी वाटायला लागली. ती पेटी त्यानं स्वतःच्या हातानं काढली आणि घरी आणली. बायकोनं ती ओट्यावर ठेवून त्यावर गाणी लावली. घड्याळ आता समोरच्या दोन मोठ्या स्पीकरांतून, केसभराच्या हिशेबानं, थेट दारावर टांगायचं होतं.

सभागृह मिळालं ते प्रयोगाच्या दिवशी सकाळीच. सगळा वेळ दिव्यांत गेला, कारण मॅडमला रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यातून निळा उजेड वर यायला हवा होता. वादक बसतात तो खड्डा. माणूस पडला तर मोडेल एवढा खोल. त्याच्यावरची फळी काढून ठेवलेली. ताईला शेवटचा प्रवेश करून बघायला वेळच मिळाला नाही. पण घुम्यानं तिला खाली बोलावलं, सभागृहाच्या मधोमध, आवाज सोडायच्या मिक्सरपुढं, आपल्या खुर्चीवर बसवलं.

"डोळे मीट. इथून ऐक."

टकटक सुरू झाली. ताईनं डोळे मिटूनच हात उचलला आणि बोट दाखवलं. बरोब्बर दार.

"अगदी तिथंच आहे रे! कडीवरच वाजतंय."

घुम्या हसला. हसला म्हणजे मिशी हलली. बहीणभाऊ दोघंही निर्धास्त झाले. दोघांच्याही डोक्यात आलं नाही की ताई नाटकात त्या खुर्चीवर बसणार नाहीये.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. बायको पासावर आली होती, तिला घुम्याच्या शेजारचीच खुर्ची मिळाली होती. पहिला अंक रंगला. मागून मोटार गेली तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या आणि घुम्याच्या छातीत काहीतरी मऊ झालं.

मग टेलिफोन वाजला.

नाटकात टेलिफोन आतल्या खोलीत वाजतो, रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात. घुम्यानं तो तिथंच टांगला होता, आणि त्याच्या खुर्चीवरून तो तिथंच वाजत होता. पण ताईनं मान फिरवली ती प्रेक्षकांकडं. क्षणभरच. लगेच सावरून ती आत गेली, उजेड भरपूर होता. कुणाला काही कळलं नाही.

घुम्याला कळलं. इतक्या वर्षांत ताईची मान कधी चुकीच्या बाजूला वळली नव्हती. कान तर तिचे त्याच्याहून तिखट. मग टेलिफोन तिला समोरून का ऐकू आला? त्याची बोटं बटणांवर होती, पण लक्ष पडदा कधी पडतो तिकडं. मध्यंतराचा पडदा पडला तसा तो उठला आणि बायकोला म्हणाला, "हे बटण. टकटक आहे. दाबून ठेव."

"मी? तुम्ही मला घरचं टेबलसुद्धा पुसू देत नाही."

"दाब."

पडद्यामागं तो ताईच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला आणि डोळे मिटले. पडद्यापलीकडं लोक चहाला निघाले होते, खुर्च्या आपटत होत्या. त्या कलकलाटात टकटक सुरू झाली.

दार त्याच्या पाठीमागं उजव्या हाताला होतं. घड्याळ वाजत होतं समोर, डाव्या हाताला. जवळ. खड्ड्याच्या काठावर.

त्यानं डोळे उघडले, पुन्हा मिटले. तेच. सगळा केसभराचा हिशेब त्यानं आपल्या खुर्चीपुरता मांडला होता. ताईच्या जागेवरून डावा स्पीकर चार पावलांवर टांगलेला होता आणि उजवा पार पलीकडं. जवळच्याचा आवाज आधी पोचत होता, आणि जिकडून आधी पोचतो तिकडचाच तो, असं कान धरून चालतात. हा पहिला धडा. तो ज्याला त्याला शिकवायचा. आणि महिनाभर खपून त्यानं आपल्या बहिणीला खड्ड्यात बोलावणारं घड्याळ बनवलं होतं.

तो तसाच आत धावला. मेकअपच्या खोलीत ताई आरशापुढं बसून पिकल्या केसांना आणखी पावडर लावत होती.

"ताई, घड्याळ खड्ड्याकडून ऐकू येतंय."

"काहीतरीच. मी ऐकलं की सकाळी."

"माझ्या खुर्चीवरून ऐकलंस."

ताईचा हात थांबला. ती भलती हुशार, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. म्हणाली, "नको वाजवूस मग. दार कुठं आहे मला माहितीये."

घुम्यानं उठून खोलीतला दिवा बंद केला. तिला खांद्याला धरून दोनदा फिरवलं. "ह्या खोलीचं दार दाखव."

ताईनं बोट दाखवलं ते आरशाकडं. त्यानं दिवा लावला. आरशातल्या आपल्याच बोटाकडं ती बघत राहिली.

"मॅडमना सांगतो," घुम्या म्हणाला.

"खबरदार! बाहेर सगळं गाव येऊन बसलंय. आत्ता सांगितलंस तर ती पडदाच उघडू द्यायची नाही. आणि उद्यापासून मी आंधळी म्हातारी. सांगून बघ, तोंड बघणार नाही तुझं."

"तसंही दिसत नाही तुला."

ताईला हसू आलं, आणि हसता हसता तिनं त्याचं मनगट गच्च धरलं. सोडेना. तेव्हा घुम्याला समजलं की तीही घाबरली आहे. जिन्यात ती कधी घाबरली असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"दारामागं मी उभा राहतो," तो म्हणाला.

"घड्याळ कुठून आणशील?"

त्यानं जिभेनं टाळूवर वाजवलं. टक्.

"अगं बाई. तुझ्या तोंडातून आवाज? माझे कान धन्य झाले. आणि वादळ कोण वाजवेल?"

"बायको."

"तुझी बायको? मग मी सरळ खड्ड्यातच पडते बाबा, तेवढेच तुमचे कष्ट वाचतील."

घंटा झाली. घुम्या धावत मिक्सरशी आला. बायकोला जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्यात सांगितलं. ताईला अंधारात दिसत नाही. मला दारामागं जायचंय. वादळ तू सोड.

बायको तोंडावर हात नेईल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "दिसत नाही ते मला वर्षापूर्वीच कळलंय. आपल्याकडं येतात तेव्हा कप टेबलाच्या शेजारी ठेवतात, हवेत. मी झेलते. बटण कुठलं ते सांगा."

"हे. वीज गेली की दाबायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. घड्याळाचं बटण तर मेलं असं समज."

"आणि ह्या सरकणाऱ्या दांड्या?"

"हात नाही लावायचा!"

दुसऱ्या अंकातले सुरुवातीचे आवाज त्यानं स्वतः सोडले. मग शेवटचा प्रवेश जवळ आला तसा तो वाकून, लोकांचे गुडघे चुकवत, कडेच्या दारानं बाहेर पडला, मागच्या बोळातून आत शिरला आणि रंगमंचावरच्या त्या लाकडी दाराच्या मागं उभा राहिला. इतक्या वर्षांत चालू प्रयोगात खुर्ची सोडल्याची ही पहिलीच वेळ. दाराच्या फटीतून त्याला ताई दिसत होती, पलीकडच्या टोकाला, खुर्चीत.

वीज गेली. खड्ड्यातून निळा उजेड वर आला. आणि वादळ सुटलं.

आपलं वादळ त्यानं ह्या बाजूनं कधी ऐकलंच नव्हतं. खाली, त्याच्या खुर्चीभोवती ते गोल फिरत असणार. इथं मात्र नुसता गोंगाट येत होता, ओलं घोंगडं अंगावर फेकल्यासारखा. ना पुढं ना मागं. ताई उठली. घुम्यानं जीभ टाळूला लावली आणि वाजवली.

आवाज आलाच नाही. तोंडाला कोरड पडली होती. जीभ चामड्यासारखी नुसती चिकटून सुटली. त्यानं गिळायला बघितलं, गिळायला काही नव्हतं. पुन्हा वाजवली. बारीकसं टक् झालं, ते वादळानं खाल्लं.

ताई उभी होती. मान किंचित कलती. ऐकत होती. लोकांना वाटत होतं, काय अभिनय आहे. तिनं एक पाऊल टाकलं, ते दाराकडं नाही, समोर. निळ्या उजेडाकडं.

घुम्यानं गाल आतून चावला. तोंडात खारट चव आली, थोडा ओलावा आला. टक्! ताई थांबली. मग वाऱ्याचा एक मोठा लोट आला, खास कमावून बांधलेला, ज्याच्यावर त्यानं चार दिवस घातले होते, आणि त्यात पुढचं टक् बुडालं. ताईनं दुसरं पाऊल टाकलं. समोरच. आता तिच्या साडीचा काठ खालून निळा दिसत होता.

धावत जाऊन धरावं? खोली ओलांडेपर्यंत उशीर झाला असता. हाक मारावी? ताई! एवढा एकच शब्द, आयुष्यभर हजारदा उच्चारलेला. तो ओठांपर्यंत आला. ती दचकून पुढं गेली तर? त्याला कळेना. दाराच्या कडीवरचा त्याचा हात घामानं घसरत होता.

आणि वादळ मावळलं.

थांबलं नाही, मावळलं. कुणीतरी डोंगरापलीकडं ओढून न्यावं तसं लांब गेलं. सभागृह इतकं शांत झालं की पुढच्या रांगेतल्या माणसाचा घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

टक्.

ताईची मान वळली.

टक्. टक्. टक्.

ती पूर्ण वळली, खड्ड्याकडं पाठ केली, आणि चालायला लागली. घाई नाही, चाचपणं नाही. हात खाली सोडलेले. घुम्या आवाज सोडत राहिला, एका लयीत, जसा कुणीतरी पायऱ्या चढताना सोडतं तसा. ती टेबल ओलांडून आली, सतरंजीची कड पायाला लागली ती ओलांडून आली. फटीतून आता नुसता तिचा चेहरा दिसत होता, डोळे सताड उघडे, त्याच्याकडं बघत नसलेले. तिचा हात वर आला आणि कडी सापडली.

दार उघडलं. तो दाराच्या फळीमागं दबून उभा होता. पलीकडून टाळ्या सुरू झाल्या, पडदा यायला लागला, आणि ताई ओठ न हलवता पुटपुटली, "किती बारीक वाजवतोस रे मेल्या."

घुम्यानं तोंडातलं रक्त रुमालात थुंकलं.

वादळ मावळलं कसं, ते त्याला नंतर कळलं. ताईनं पहिलं पाऊल चुकीचं टाकलेलं त्याच्या बायकोनं बघितलं होतं. कुठली दांडी कशाची ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी सगळ्याच दांड्या धरल्या आणि ओट्यावरचं दूध उतू जाताना गॅस बारीक करावा तशा हळूहळू खाली ओढल्या. मागून मॅडम धावत आल्या होत्या, "अहो काय करताय, काय करताय!" तर ही त्यांच्याकडं न बघता म्हणाली होती, "श्श. त्यांना ऐकू येत नाहीये."

मेकअपच्या खोलीत मॅडम तशाच तणतणत आल्या. "काका, वादळ कुठं गेलं? महिनाभर काम करून ऐन शेवटाला खुर्ची सोडून गेलात? काय झालं होतं?"

ताईनं आरशातून भावाकडं बघितलं. बोलू नकोस, एवढंच त्या बघण्यात होतं. बायको दाराशी पर्स छातीशी धरून उभी होती.

घुम्याला निभावून नेता आलं असतं. पोट बिघडलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या प्रयोगाला ती पेटी परत ठेवली असती, सगळं पहिल्यासारखं. पण त्याच्या डोळ्यांपुढून तो निळा झालेला साडीचा काठ हलत नव्हता.

"ताईला अंधारात दिसत नाही," तो म्हणाला. "घड्याळाच्या आवाजावर चालते. घड्याळ मी चुकीचं लावलं होतं. ती खड्ड्यात पडली असती."

इतकी वाक्यं एका दमात त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मॅडम खाली बसल्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि रंगही गेला. "मी फळी काढायला लावली," एवढंच त्या म्हणाल्या, स्वतःशीच.

ताईनं पावडरीचा डबा शांतपणे बंद केला. "जन्मात एकदा तोंड उघडलंस घुम्या," ती म्हणाली, "आणि तेही माझ्या विरुद्ध." मग आपली पर्स उचलून ती बाहेर पडली. दाराच्या चौकटीला तिचा खांदा थडकला. सगळ्यांनी बघितलं.

त्यानंतर ताई त्याच्याशी बोलेना. फोन केला तर बायकोला मागायची. बायको टेबलापलीकडून निरोप द्यायची, "ताई म्हणतात, माझा भाऊ जिवंत आहे का." घुम्या मान हलवायचा. "हो म्हणतायत," ती सांगायची. पुढचे प्रयोग थांबवले गेले. दुसऱ्या कुणाला घेणार अशी कुजबुज घुम्याच्या कानावर आली, आणि त्याचे कान तर तिखट. रात्री कूस बदलताना त्याला वाटायचं, खड्ड्यातून वाचवली आणि घरी नेऊन बसवली. तिला दोन्ही सारखंच असेल तर?

मग मॅडम ताईच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. एवढं कळलं की ताई म्हणाली, मी करीन, आणि मॅडम म्हणाल्या, खड्ड्यावर फळी असेल, विंगेत माणूस असेल आणि सगळ्या मंडळींना माहीत असेल, तर करा. ताईला शेवटची अट कडू लागली. पण तिनं ती गिळली.

तालमीच्या दिवशी घुम्या सगळ्यांच्या आधी पोचला. ओट्यावरची पेटी तो घेऊन आला होता, बायकोची कुरकुर ऐकून. पेटी दारामागं ठेवली, तार जोडली, टकटक चालू केली. मग तो खाली आपल्या खुर्चीकडं गेला नाही. चपला विंगेत काढल्या, रंगमंचाचे सगळे दिवे बंद केले, ताईच्या जागेवर उभा राहिला आणि डोळे घट्ट मिटले. घड्याळ जिथं असायला हवं होतं तिथं वाजत होतं, थोडं डबड्यासारखं. तो हात पुढं धरून निघाला. पाऊल टाकायला इतकी भीती वाटते हे त्याला ठाऊक नव्हतं. जमीन आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पायालाच विचारावं लागत होतं. टकटक ऐकू येत होती, पण मध्ये काय काय ठेवलंय ते टकटक सांगत नव्हती.

विंगेत कुणीतरी आल्याचं त्याला पावलांवरून कळलं, दिव्याचं बटणही खट् वाजलं. ती पावलं थांबली. तो थांबला नाही.

"उजव्या हाताला टेबल आहे, आंधळ्या," ताई म्हणाली. "गुडघा फुटेल."